विश्लेषण : डबीतून घरपोच येणारा टॅरँटुला… कोळी-विंचू पाळण्याच्या छंदाला कायदा काय म्हणतो?

इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षाला असताना मी एक कोळी विकत घेतला होता. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं सगळं बाहेरून बघणाऱ्याचं नाही, हे लक्षात येईल.

मे महिना होता. एका ग्रुपवर फोटो पाहिला, दीड हजार रुपये यूपीआयने पाठवले. चौथ्या दिवशी डोंबिवली पूर्वेला आमच्या सोसायटीच्या वॉचमनकडे पार्सल आलं. वर लिहिलं होतं ‘मोबाइल ॲक्सेसरीज’. आत थर्माकोल, त्यात कापूस, कापसात औषधाच्या गोळ्यांची असते तेवढी डबी आणि डबीत नखाएवढं पिल्लू, आठही पाय पोटाशी दुमडून पडलेलं. कोळी मेला की असाच मिटतो. पाय सरळ करायला त्याच्याकडे पुरेसे स्नायू नसतात, शरीरातल्या द्रवाच्या दाबावर ते उघडतात. दाब संपला की पाय आत. हे मला नंतर वाचून कळलं. विक्रेत्याला फोटो पाठवला तर ‘समरमध्ये लाइव्ह गॅरंटी नसते भाई’ असं उत्तर आलं आणि त्यानंतर मी ब्लॉक.

दीड हजार गेल्याचं तेव्हा जास्त वाईट वाटलं होतं. आज वाटतं ते वेगळंच. तो कोळी आला कुठून, हा प्रश्न मी विकत घेण्याआधी एकदाही विचारला नव्हता. ‘इंडियन ऑर्नामेंटल’ एवढं नाव पुरेसं वाटलं होतं.

ठाणे, कल्याण, डोंबिवलीत हा छंद नवा नाही. पूर्वी फिश टँकवाल्या दुकानात मागच्या बाजूला चालायचा, आता फोनवर चालतो. विकणारा समोर येत नाही, घेणाऱ्याला दुकानात जावं लागत नाही. ‘स्लिंग’ म्हणजे पिल्लू, ‘एएफ’ म्हणजे पूर्ण वाढलेली मादी, ‘डब्ल्यूसी’ म्हणजे जंगलातून पकडलेला आणि ‘सीबी’ म्हणजे बंदिवासात जन्मलेला, ही भाषा दोन दिवसांत अंगवळणी पडते. गंमत अशी, की शेवटची दोन अक्षरं सगळ्यात महत्त्वाची असतात आणि तीच पडताळायची सोय कोणाकडे नसते. विकणारा ‘सीबी’ म्हणाला की ते सीबी.

डोंबिवलीच्या फ्लॅटमधलं ओरांगउटान

२०२५ मध्ये डोंबिवलीतल्या एका फ्लॅटवर वन विभागाने छापा टाकला, तेव्हा आत विदेशी साप, कासवं आणि चक्क ओरांगउटानचं पिल्लू निघालं. बोर्निओ-सुमात्राच्या जंगलातला प्राणी डोंबिवलीत कसा पोहोचला, यावर लोकलमध्ये आठवडाभर चर्चा होती. त्याच वर्षी जूनच्या सुरुवातीला मुंबई विमानतळावर थायलंडहून आलेल्या प्रवाशाच्या सामानात ४४ इंडोनेशियन पिट व्हायपर, ३ स्पायडर-टेल्ड हॉर्न्ड व्हायपर आणि ५ कासवं सापडली. त्या व्हायपरच्या शेपटीचं टोक हुबेहूब कोळ्यासारखं दिसतं. पक्षी कोळी समजून झेपावतो आणि सापाच्या तोंडात जातो.

ओरांगउटान बातमी होते. कोळी होत नाही. तो भुंकत नाही, वास येत नाही, शेजारी तक्रार करत नाहीत आणि स्कॅनरमध्ये डबीतला कोळी सहज दिसेलच असं नाही. तरी तो पकडला गेल्याचं एक ठळक उदाहरण आहे. जुलै २०२१ मध्ये चेन्नईत पोलंडहून आलेलं टपालाचं एक पार्सल कस्टम्सने उघडलं. थर्माकोलच्या खोक्यात चांदीच्या कागदात आणि कापसात गुंडाळलेल्या १०७ लहान प्लास्टिकच्या डब्या, प्रत्येकीत एक जिवंत कोळी. पत्ता तामिळनाडूतल्या अरुपुकोट्टाईचा. ते कोळी संरक्षित यादीतल्या गटांचे असावेत, असा अंदाज तज्ज्ञांनी वर्तवला आणि आयातीचे कागद नसल्यामुळे पार्सल पोलंडला परत पाठवण्यात आलं. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर म्हणतात, इथे कोळ्यांचं बिऱ्हाड पोस्टमनच्या पिशवीत होतं.

पण लोक कोळी पाळतात तरी का?

या लेखासाठी कल्याण पश्चिमेला रेल्वे रुळांजवळ राहणाऱ्या एका तरुणाला भेटलो. आयटीत नोकरी, वय माझ्याएवढंच. बेडरूमच्या कपाटात अकरा डबे, प्रत्येकात एक टॅरँटुला. डबे रुळांकडच्या भिंतीपासून लांब ठेवलेत, कारण कोळ्याला नीट दिसत नाही, त्याचं सगळं जग थरथरीवर चालतं. पायांवरच्या केसांनी तो हवेतला हलकासा धक्काही टिपतो. फास्ट लोकल गेली की डबे थरथरत असणार, असं याला पहिल्या महिन्यातच वाटलं, म्हणून त्याने कपाटच हलवलं. एवढी काळजी घेणारा माणूस मला आवडला, हे कबूल करायला हवं.

त्याच्या आईने चहा आणून दिला आणि दारातूनच म्हणाल्या, “बाळा, झुरळ दिसलं की पलंगावर चढणारा हा. आता कोळ्यांना खाऊ घालायला झुरळं पाळतो. लिही हे पेपरात.” लिहिलं, काकू.

टॅरँटुला सांभाळायला सोपा असतो, हे खरं आहे. आठवड्यातून एखादा किडा, थोडं पाणी, जमिनीत राहणाऱ्याला कोकोपीट, झाडावर राहणाऱ्याला सालीचा तुकडा. फिरायला न्यावं लागत नाही. अनेक जातींच्या माद्या पंधरा-वीस वर्षं जगतात, नर मात्र वयात आल्यावर फार टिकत नाहीत. वन-बीएचकेत, दहा तास ऑफिस आणि तीन तास प्रवास करणाऱ्याला हा प्राणी परवडतो. कात टाकताना तो उताणा पडतो, तासन् तास तसाच राहतो आणि जुन्या कातडीतून नवा होऊन बाहेर येतो. ते एकदा प्रत्यक्ष पाहिलं की माणूस अडकतो. मीही व्हिडिओ पाहूनच अडकलो होतो.

मात्र तो तुम्हाला ओळखत नाही. हातावर घेतलेला टॅरँटुला ‘माणसाळलेला’ नसतो, तो फक्त त्या क्षणी पळत नसतो. त्याचं पोट इतकं नाजूक असतं, की हातातून फरशीवर पडला तर फुटून मरू शकतो. रील्समध्ये तळहातावर कोळी नाचवणारे हे सांगत नाहीत.

विषाचं काय? टॅरँटुलाच्या चाव्याने माणूस दगावल्याची खात्रीची नोंद नाही. आमच्या धंद्यातले लोक ‘जीवघेणा राक्षसी कोळी’ असं थंबनेल लावतात, ते चुकीचं आहे, आणि त्यात कधीकाळी माझाही हात होता. पण ‘काहीच होत नाही’ हेही खोटं. अमेरिका खंडातल्या अनेक जाती पोटावरचे खाजरे केस उडवतात, ते डोळ्यात गेले तर प्रकरण गंभीर होतं. आपल्याकडच्या टॅरँटुलांना ते केस नसतात, पण त्यांचं विष तुलनेने जहाल असतं. झाडावर राहणाऱ्या पोइसिलोथेरिया गटाचा कोळी चावला तर स्नायूंना जबरदस्त पेटके येतात, काहींना ते दिवसेंदिवस पुरतात.

विंचवाची गोष्ट वेगळी आहे आणि कोकणातल्या माणसाला ती शिकवायला नको. कोकणातला लाल विंचू लहान मुलांचे जीव घ्यायचा. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्राझोसिन हे रक्तदाबाचं औषध विंचूदंशावर वापरून दाखवलं, त्यांचं काम १९८२ पासून ‘लॅन्सेट’मध्ये छापून आलं, २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. पुढे मुंबईच्या हाफकिनमध्ये तयार होणारं प्रतिविषही हाताशी आलं. पण ते आपल्या लाल विंचवासाठी. हौसेने मागवलेला आफ्रिकेतला किंवा अरबस्तानातला जहाल विंचू रात्री दोन वाजता डोंबिवलीत डसला, तर त्याचं प्रतिविष जवळच्या हॉस्पिटलात असेल, ही आशा धरू नये.

कायद्यात कोळी कुठे बसतो?

इथे गोंधळ आहे आणि विक्रेते त्याच गोंधळावर जगतात. ‘भाई, स्पायडर लीगल है’ हे वाक्य ऐकलं नाही असा खरेदीदार मिळणार नाही.

वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा. २०२२ मध्ये त्यात मोठी दुरुस्ती झाली आणि ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली. पहिल्या दोन अनुसूची आपल्या देशी प्राण्यांच्या. वाघ, बिबट्या, मोर, घोरपड, काही फुलपाखरंसुद्धा त्यात आहेत. सह्याद्रीतल्या बहुतेक कोळ्यांना मात्र तिथे जागा नाही. चौथी अनुसूची नवी, ती ‘साइट्स’ या आंतरराष्ट्रीय कराराच्या याद्यांवरून घेतलेली. या करारात सगळा ब्राकिपेल्मा गट, म्हणजे मेक्सिकोचा तो प्रसिद्ध लाल गुडघ्यांचा टॅरँटुला वगैरे, आहे. आफ्रिकेतला एम्परर विंचू आहे. आणि ऑगस्ट २०१९ मध्ये जीनिव्हाच्या परिषदेत भारत-श्रीलंकेतल्या पोइसिलोथेरिया गटाचाही परिशिष्ट दोनमध्ये समावेश झाला.

या यादीतला जिवंत प्राणी तुमच्याकडे असेल तर त्याची नोंदणी सक्तीची आहे. २८ फेब्रुवारी २०२४ ला त्याचे नियम आले. परिवेश २.० या पोर्टलवर अर्ज करायचा, तो राज्याच्या मुख्य वन्यजीव रक्षकांकडे जातो. आधीपासून प्राणी असलेल्यांना सहा महिन्यांची मुदत होती, ती २०२४ च्या ऑगस्टअखेर संपली. त्यानंतर घेतलेल्या प्राण्यासाठी ३० दिवस. पिल्लं झाली, प्राणी मेला, दुसऱ्याला दिला, तर तेही कळवायचं. सर्वसाधारण उल्लंघनाला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. परदेशातून आणायचा तर आयातीचा परवाना आणि कस्टम्स हे वेगळंच. टपालाने डबी मागवणं म्हणजे या सगळ्याला वळसा घालणं.

आता खरी मेख. जी जात कोणत्याच यादीत नाही, तिचं काय? येऊरच्या डोंगरातून, म्हणजे संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीतून, कोणी बिळातला टॅरँटुला उपसून नेला तर तो गुन्हाच. संरक्षित क्षेत्रातून मुंगीही उचलता येत नाही. राखीव वनातून नेला तर १९२७ चा भारतीय वन कायदा आहे. पण तोच कोळी मुरबाडकडच्या एखाद्या शेताच्या बांधावरून काढला, किंवा काढला असं सांगितलं, तर? डबीवर काही लिहिलेलं नसतं. कोळी येऊरचा की मुरबाडचा, हे कोळ्याकडे बघून कळत नाही. ‘लीगल है’ या दोन शब्दांत एवढं सगळं दडलेलं असतं.

दुकानांसाठी २०१८ चे पेट शॉप नियम आहेत. त्यात पाळीव प्राणी म्हणून कुत्रा, मांजर, ससा, हॅम्स्टर, पक्षी वगैरेंची नावं आहेत, कोळ्याचं नाही. दुसरीकडे प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्यात ‘प्राणी’ म्हणजे माणूस सोडून कोणताही सजीव, अशी व्याख्या आहे. म्हणजे मे महिन्यात कापसात गुंडाळून कुरिअरने पाठवलेलं माझं ते पिल्लूही कायद्याने प्राणीच होतं. त्या कायद्यात पहिल्या गुन्ह्याचा दंड १० ते ५० रुपये. कुरिअरचा खर्च त्याहून जास्त.

गुत्तीचा निळा कोळी

हा छंद बिघडतो कसा, हे समजून घ्यायला आंध्र प्रदेशातल्या गुत्तीला जावं लागेल. मुंबई-चेन्नई मार्गावरचं हे जंक्शन. तिथल्या रेल्वेच्या लाकूड अड्ड्यात एक गडद निळा कोळी सापडला आणि १८९९ मध्ये पोकॉक या ब्रिटिश अभ्यासकाने त्याचं पोइसिलोथेरिया मेटॅलिका असं नामकरण केलं. त्यानंतर जवळपास शंभर वर्षं तो कोणाला दिसला नाही. २००१ मध्ये तो पुन्हा सापडला, नंद्याल आणि गिद्दलूरच्या मधल्या जंगलात. बहुधा लाकडाच्या ओंडक्यांबरोबर त्यातला एखादा गुत्तीला आला असावा.

पुन्हा सापडल्यावर थोड्याच काळात तो युरोप-अमेरिकेतल्या शौकिनांच्या काचेच्या पेट्यांमध्ये दिसू लागला. आज तिथे त्याची पिल्लं सर्रास विकली जातात. आणि आपल्या जंगलात? आययूसीएनच्या यादीत तो ‘अतिसंकटग्रस्त’ आहे. छोटंसं जंगल, जुन्या झाडांच्या ढोल्यांवर सगळा संसार, आणि ती झाडंही सरपणाला तुटतात.

यावर शौकीन म्हणतात, आम्हीच तर त्याला वाचवलं, जंगलात संपला तरी आमच्याकडे राहील. मला हा युक्तिवाद पटत नाही. पेटीत पिढ्यान् पिढ्या वाढलेले कोळी कोणत्या मूळ जोडीचे, कोणाशी मिसळलेले, याचा हिशेब क्वचितच कोणी ठेवतं. जंगलात परत सोडता येईल असा तो साठा नाही, तो फक्त माल आहे.

आकडेही बोलके आहेत. २०२२ मध्ये ‘कम्युनिकेशन्स बायॉलॉजी’ या नियतकालिकात एक अभ्यास आला. संशोधकांनी विक्रीच्या साइट्स आणि व्यापाराच्या नोंदी चाळल्या. कोळी-विंचू वर्गातल्या १,२६४ जाती बाजारात आढळल्या. त्यातले ६७ टक्के जीव थेट जंगलातून पकडलेले. २००० नंतर नव्याने नोंदवलेल्या टॅरँटुलांपैकी पाव जाती विक्रीला पोहोचलेल्या. आणि साइट्सच्या यादीत यातल्या जेमतेम ३० जाती, म्हणजे २ टक्के.

पाव हा आकडा मला जास्त छळतो. कारण नव्या जाती आपल्याच आसपास सापडत आहेत. २०१४ मध्ये आरे कॉलनीतून टॅरँटुला कुळातली नवी जात नोंदवली गेली, तिच्या नावातच ‘आरेएन्सिस’ आहे. २०२१ मध्ये तर ठाणे-कल्याण पट्ट्यातून उड्या मारणाऱ्या कोळ्यांच्या दोन नव्या जाती जाहीर झाल्या. त्यातल्या एकीला संशोधकांनी २६/११ ला कसाबला जिवंत पकडून देताना शहीद झालेल्या तुकाराम ओंबळेंचं नाव दिलं, आयशस तुकारामी. आपण टिटवाळा लोकलमध्ये चौथ्या सीटसाठी भांडत असताना बाहेरच्या झाडोऱ्यात जगाला माहीत नसलेला जीव फिरत होता, ही मला फार आनंदाची बातमी वाटली होती. पण नवी जात जाहीर झाली की जागाही कळते आणि जागा कळली की फक्त अभ्यासकच तिथे जातात असं नाही. म्हणून आता काही संशोधक नेमकं ठिकाण मुद्दाम मोघम ठेवतात.

मग बंदी घालायची का?

माझं मत, नाही. आणि याचं कारण भावनिक नाही, हिशेबाचं आहे.

टॅरँटुलाची मादी एका अंडीपिशवीतून शंभराच्या घरात, काही जातींत त्याहून कितीतरी जास्त पिल्लं देते. म्हणजे जंगलाला हात न लावता हा छंद चालू शकतो.  अडचण किमतीची आहे. पिल्लू वाढवून मादी तयार करायला काही वर्षं लागतात, त्यात खाणं, जागा, मरतुक. याउलट ढोली फोडून किंवा बीळ खणून तयार मादी एका संध्याकाळी मिळते. पकडणाऱ्याचा खर्च पेट्रोलचा. प्रामाणिकपणे पैदास करणारा या किमतीला टिकणारच नाही. सगळ्यावर बंदी घातली तर पहिला बाहेर पडेल तो हाच, आणि टेलिग्रामवर राहील तो ढोली फोडणारा.

त्यामुळे बोजा विकणाऱ्यावर टाकायला हवा. यादीत असो वा नसो, कोळी-विंचू विकणाऱ्याने मादी कोणाची, पिल्लं कधी निघाली, कोणाला दिली, याची नोंद दाखवलीच पाहिजे. परिवेशवर जन्माची नोंद घेण्याची सोय आहेच, ती यादीबाहेरच्या कोळ्यांनाही लावता येईल. सह्याद्रीतल्या टॅरँटुलांना दुसऱ्या अनुसूचीत जागा द्यावी, म्हणजे मुरबाड की येऊर हा वादच उरणार नाही. आणि जिवंत प्राणी कुरिअरने ‘मोबाइल ॲक्सेसरीज’ म्हणून पाठवणाऱ्याला ५० रुपये दंड हा विनोद थांबवावा.

वन विभागाकडे आधीच माणसं कमी, बिबट्या सांभाळायचा की कोळी मोजायचे, असं एका निवृत्त वनरक्षकांनी मला विचारलं. प्रश्न रास्त आहे. पण पूर्ण साखळीच्या मागे लागायची गरज नाही. या पट्ट्यात मोठे विक्रेते मोजके आहेत, ग्रुपमध्ये तीच ती नावं दिसतात. सुरुवात तिथून होऊ शकते.

कल्याणच्या त्या मित्राला निघताना विचारलं, अकरापैकी किती कोळ्यांचा जन्म कुठे झाला हे तुला नक्की माहीत आहे? त्याने डब्यांवरून नजर फिरवली. चार, म्हणाला. ते त्याच्याच ओळखीच्या एका मुलाने घरी वाढवलेले. यादीतले दोन परिवेशवर नोंदवलेत, पावती दाखवली. बाकीच्यांबद्दल? “तेव्हा विचारलंच नाही रे.”

तुमच्या घरी असा डबा असेल आणि आता नको झाला असेल, तर तो येऊरला किंवा मलंगगडाच्या पायथ्याशी नेऊन सोडू नका. परदेशी जात इथल्या जंगलात सोडणं हा नवा घोटाळा. वन विभागाचा १९२६ हा टोल फ्री क्रमांक त्यासाठी आहे. आणि ज्यांना फक्त बघायचं आहे, त्यांनी पावसाळ्यात दिवसाउजेडी सोसायटीच्या कुंपणाच्या भिंतीवर नजर टाकून बघावी. चार डोळे पुढे रोखून एक टिचभर जीव तुमच्याकडे वळून बघेल. उड्या मारणाऱ्या कोळ्याची नजर टॅरँटुलापेक्षा कितीतरी तेज असते, तो खरोखर तुम्हाला बघत असतो. फोटो काढा, पण टाकताना लोकेशन बंद ठेवा.